‘त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते’ : एका सोयीस्कर वाक्याविषयी

महामार्गावरच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ एक तरी टपरी अशी असते, जिच्या फलकावर ‘रेडियम’ एवढाच शब्द असतो. आत एक माणूस चकचकीत चिकटपट्टी कापत बसलेला. दुचाकीच्या नंबरपाटीवर आकडे, ट्रकच्या पाठीवर ‘आईचा आशीर्वाद’, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लाल-पांढरे पट्टे. ह्या पट्टीत रेडियमचा एक अणूही नसतो. ती स्वतः प्रकाशतही नाही. समोरून आलेला दिव्याचा झोत तेवढा परत पाठवते. तरी आपण तिला बिनदिक्कत रेडियम म्हणतो, कारण आपल्या आजोबांच्या पिढीत अंधारात हिरवट चमकणाऱ्या काट्यांचे घड्याळ म्हणजे ‘रेडियमचे घड्याळ’ होते. त्यांतल्या जुन्या घड्याळांत रेडियम खरोखरच असे. घड्याळे गेली, शब्द मागे राहिला.

आजचा धागा त्या काट्यांवर आणि आकड्यांवर रंग भरणाऱ्या बायकांविषयी आहे. खरे तर त्यांच्याविषयी बोलताना हमखास उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याविषयी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत शेकडो तरुण मुलींनी घड्याळांच्या तबकड्या रेडियममिश्रित रंगाने रंगवल्या आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरून ओढला. पुढे त्यांतल्या अनेकींचे जबडे कुजले, हाडे मोडली, रक्त आटले. हे सांगितले की ऐकणारा हळहळतो आणि म्हणतो, ‘काय करणार, त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते!’

हे वाक्य दयेचे वाटते, पण ते खोटे आहे. आणि ते कोणाच्या सोयीचे खोटे आहे, हे तारखांनिशी पाहण्यासारखे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभ अर्थातच पॅरिसपासून. १८९६ मध्ये आंरी बेकरेल यांना आढळले की युरेनियमच्या क्षारांतून असे काही किरण निघतात, जे काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायापट्टिकेवरही ठसा उमटवतात. १८९८ च्या डिसेंबरात मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमच्या शोधाची घोषणा केली. युरेनियमच्या खनिजाचे ढीगच्या ढीग उकळून, गाळून, स्फटिक करून हाती यायचे ते ग्रॅमच्या अंशात. हा पदार्थ आपोआप उबदार राहत असे, अंधारात चमकत असे. जगाला वेड लागले त्यात नवल नाही.

पण ह्या वेडाच्या पहिल्या पाच वर्षांतच रेडियमने दातही दाखवले होते. बेकरेल यांनी रेडियमची एक नळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून प्रवास केला; काही दिवसांनी नेमक्या त्या जागी कातडी भाजल्यासारखी झाली. पिएर क्युरींनी तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर दहा तास रेडियम बांधून ठेवले आणि उमटलेल्या जखमेची रोजनिशी लिहिली. हे दोन्ही अनुभव १९०१ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. जून १९०५ मध्ये स्टॉकहोम येथे नोबेल व्याख्यान देताना पिएर क्युरींनी भर सभेत सांगितले, की काही सेंटिग्रॅम रेडियमची डबी खिशात काही तास ठेवली तर त्या वेळी काहीच जाणवणार नाही. पंधरा दिवसांनी कातडी लाल होईल, मग भरून येण्यास फार कठीण असे व्रण पडतील. संपर्क अधिक लांबला तर पक्षाघात आणि मृत्यूही येऊ शकेल. रेडियम नेताना जाड शिशाच्या पेटीतच न्यावे, असेही ते म्हणाले.

ही गोष्ट १९०५ सालची. न्यू जर्सीतील ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्या रंगवण्याचा मोठा कारखाना उभा राहिला तो १९१७ मध्ये. मधल्या बारा वर्षांत ते व्याख्यान कोणी गिळून टाकले नव्हते.

आता ह्या पदार्थाचा स्वभाव थोडा समजून घेऊ, कारण तो समजल्याशिवाय ओठ आणि कुंचला यांचा गुन्हा कळत नाही. काही अणूंची केंद्रके अस्थिर असतात. ती केव्हा तरी फुटतात आणि फुटताना कण किंवा किरण बाहेर फेकतात. याला आपण किरणोत्सार म्हणतो. नेमका कोणता अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण पुष्कळ अणू एकत्र असले की निम्मे किती काळात फुटतील हे अचूक सांगता येते. ते त्याचे अर्धायुष्य. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दिवशी कोणी रेडियम पुरून ठेवले असते, तर आज त्यातले जेमतेम चौदा टक्के कमी झालेले दिसले असते.

रेडियम फुटते तेव्हा मुख्यतः अल्फा कण बाहेर पडतो : दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, म्हणजे हेलियमचे अख्खे केंद्रकच. हा कण बोजड असतो. साध्या कागदाने अडतो. कातडीचा वरचा मृत थरही त्याला पुरे होतो. म्हणूनच घड्याळ मनगटावर बांधणाऱ्या आजोबांचे फारसे बिघडले नाही. काच होती, धातूचे झाकण होते, कातडी होती. शत्रू वेशीबाहेर असेपर्यंत कुडाची भिंतही पुरते. तोच चुलीपाशी येऊन बसला तर मात्र गोष्ट निराळी.

शरीराच्या आत अल्फा कण काही पेशींच्या अंतरातच थांबतो आणि आपली सगळी ऊर्जा तेवढ्याच जागेत ओततो. थांबण्यापूर्वी एकटा कण लाखाहून अधिक वेळा भोवतालच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. पाण्याचे रेणू तुटून जहाल तुकडे तयार होतात, आणि डीएनएच्या दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी तुटतात. एक दोरी तुटली तर पेशी दुसरीवर पाहून ती पुन्हा जुळवते. दोन्ही तुटल्या की जुळवणीत चुका होतात. काही पेशी मरतात. त्याहून वाईट म्हणजे काही मरत नाहीत, चुकलेली प्रत घेऊन विभागत राहतात, आणि वर्षानुवर्षांनी त्या जागी कर्करोग दिसतो.

आणि रेडियम शरीरात जाऊन बसते कुठे? मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत ते कॅल्शियमच्याच रांगेत खाली आहे. शरीर त्या दोघांत फसते. पोटात गेलेल्यापैकी बहुतेक रेडियम बाहेर पडते. जे रक्तात शिरते त्याला हाडे कॅल्शियम समजून घरात घेतात. एकदा तिथे बसले की काढण्याची सोय नाही. एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतके रेडियम हाडात असले, तरी दर सेकंदाला सदतीस हजार अणू फुटतात. झोपेत, जागेपणी, मरणानंतरही. हाडाच्या आतच रक्त तयार करणारी मज्जा असते. म्हणून हाडही कुजते आणि रक्तही आटते.

ऑरेंजच्या कारखान्यात मुली लांब बाकांवर बसत. पुष्कळशा पंधरा-सोळा वर्षांच्या. मजुरी तबकडीमागे मिळे, म्हणून हात भरभर चालवायचा. आकड्याची रेघ बारीक हवी, कुंचल्याचे केस फिसकारता कामा नयेत. शिकवणारीच सांगे : ओठांत घ्या, रंगात बुडवा, रंगवा. हे दिवसभरात शेकडो वेळा. रंगात जस्ताचे सल्फाइड आणि अत्यल्प रेडियम. रेडियमचे कण आदळले की सल्फाइड चमके. मुलींच्या केसांवर, झग्यांवर धूळ बसे आणि रात्री घरी जाताना त्या चमकत. काहींनी गमतीने नखे रंगवली, दातही रंगवले. ‘चमकणाऱ्या मुली’ म्हणून ही कहाणी भुताखेतांच्या थाटात रंगवून सांगणारी शीर्षके आता जागोजागी दिसतात. मला त्यांचा मनस्वी कंटाळा आहे. ज्या गोष्टीकडे पाहायला हवे ती त्याच इमारतीत शेजारच्या दालनात होती.

तेथे कंपनीचे रसायनतज्ज्ञ रेडियम हाताळत. त्यांच्यासमोर शिशाचे पडदे होते. अंगावर शिशाचे आवरण, हाती लांब चिमटे. ज्यांना हे ठाऊक होते की रेडियमपासून अंतर राखावे, त्यांना अंतर राखण्याची साधने दिलेली होती. ह्याच कंपनीने डॉक्टरांसाठी काढलेल्या साहित्यात रेडियमच्या अपायांची माहिती दिलेली होती. मग ‘कोणालाच ठाऊक नव्हते’ यातला ‘कोणालाच’ म्हणजे नेमके कोण?

ग्रेस फ्रायर हिने पुढे न्यायालयात सांगितलेली एक आठवण आहे. रंगाचा जनक साबिन फॉन सोखोकी एकदा तिच्या बाकाजवळून जात होता. तिला कुंचला ओठांत धरलेली पाहून तो म्हणाला, असे करू नकोस, आजारी पडशील. तिने बाकावरच्या बाईंना विचारले. त्यात काही अपाय नाही, असे उत्तर मिळाले. तिने काम चालू ठेवले. सोखोकीने स्वतःच्या बोटाचा शेंडा कापून काढला होता, कारण त्यात रेडियम शिरले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे, नाहीतर मीही त्या वाक्याच्या उलट बाजूचे खोटे बोलेन. जे अपाय १९०५ पर्यंत ठाऊक होते, ते बाहेरून बसलेल्या चटक्यांचे होते. अतिसूक्ष्म मात्रेत पोटात गेलेले रेडियम शक्तिवर्धक आहे, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टरही मानत. रेडियमचे पाणी औषध म्हणून विकले जाई. १९१७ मध्ये एखाद्या मुलीच्या ओठांतला कुंचला पाहून ‘हिचा जबडा पाच वर्षांनी गळून पडेल’ असे छातीठोकपणे सांगणारा माणूस बहुधा नव्हता. एवढे मान्य. पण न जाणणे, जाणून घ्यायचे टाळणे आणि जाणून लपवणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एका वाक्यात कोंबणे ही लबाडी आहे. १९२२ नंतरचा इतिहास पाहिला म्हणजे ती लबाडी उघडी पडते.

सप्टेंबर १९२२ मध्ये मॉली मॅगिया वारली. वय चोवीस. आधी एक दात दुखू लागला, तो काढला. जखम भरली नाही, पुढचा दात काढला. मग दंतवैद्याच्या हातात जबड्याचे हाडच सुटून आले. अखेर गळ्यातली रक्तवाहिनी फुटून ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले : सिफिलिस. गावात, धर्मनिष्ठ कुटुंबात, अविवाहित मुलीच्या नावापुढे हा शब्द. पुढे कंपनीला हा दाखला फार उपयोगी पडला. एकीला तो रोग होता म्हटले की बाकीच्यांकडे कोणी कसे पाहायचे, ते सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या वाचकांना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नसावी. बाई आजारी पडली की आधी तिचे चारित्र्य तपासायचे, मग तिची नाडी.

१९२४ मध्ये कंपनीनेच हार्वर्डच्या तज्ज्ञांना बोलावले. सेसिल ड्रिंकर, त्यांच्या पत्नी कॅथरीन ड्रिंकर आणि विल्यम कॅसल. त्यांना दिसले की मुलींची अंतर्वस्त्रे आणि अंगही अंधारात चमकते. तपासलेले रक्त कोणाचेच पुरते निकोप नव्हते. कंपनीच्या मुख्य रसायनतज्ज्ञाच्या हातांवर जखमा होत्या, आणि धोक्याची सूचना त्याने हसण्यावारी नेली. पुढच्याच वर्षी तो वारला. ड्रिंकर यांनी कारण रेडियम असल्याचे स्पष्ट लिहिले. कंपनीच्या अध्यक्षाने तो अहवाल दाबून ठेवला आणि राज्याच्या कामगार खात्याला त्यातले एक कोष्टक असे सादर केले, की जणू प्रत्येक मुलीची प्रकृती उत्तम आहे. औद्योगिक आरोग्याच्या थोर अभ्यासक अ‍ॅलिस हॅमिल्टन यांना हे कळले आणि त्यांनी कॅथरीन ड्रिंकर यांना पत्राने कळवले. संतापलेल्या ड्रिंकरांनी खटल्याची धमकी असतानाही १९२५ मध्ये आपला अहवाल छापला.

म्हणजे १९२४ मध्ये ‘कोणालाच ठाऊक नव्हते’ असे नव्हते. अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात ते टंकलिखित स्वरूपात होते.

मग कंपनीने दुसरा तज्ज्ञ आणला. कोलंबिया विद्यापीठातले फ्रेडरिक फ्लिन. त्यांनी ग्रेस फ्रायरला तपासले आणि तिची प्रकृती आपल्यापेक्षाही चांगली असल्याचा निर्वाळा दिला. त्या वेळी तिच्या पाठीचे मणके ढासळत होते. पुढे उघड झाले की फ्लिन हे वैद्यकीय डॉक्टरच नव्हते. त्यांची पदवी शरीरक्रियाशास्त्रातली, आणि पैसे कंपनीचे. शास्त्राचा झगा चढवून शंका विकणे ही कला तंबाखूवाल्यांनी शोधली असे आपण समजतो. ती त्याआधीची आहे.

ह्या अंधारात एक माणूस सरळ उभा राहिला : एसेक्स जिल्ह्याचे वैद्यकीय परीक्षक हॅरिसन मार्टलँड. रेडियम फुटल्यावर त्यातून रेडॉन नावाचा वायू तयार होतो आणि तो रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासाबरोबर बाहेर पडतो. तेव्हा जिवंत माणसाच्या हाडांत रेडियम आहे का, हे त्याचा श्वास तपासून सांगता येईल. मार्टलँड यांनी मुलींचे श्वास तपासले. ते किरणोत्सारी निघाले. या कामात त्यांना मदत केली ती सोखोकीने. कंपनीतून बाहेर पडल्यावर तो शरमेने म्हणा, कुतूहलाने म्हणा, त्यांच्या बाजूला आला होता. एके दिवशी त्याने स्वतःचाही श्वास तपासला. तोही किरणोत्सारी होता, आणि मात्रा मुलींहून कमी नव्हती. नोव्हेंबर १९२८ मध्ये तो रक्तक्षयाने वारला.

ऑक्टोबर १९२७ मध्ये मॉलीची शवपेटी उकरून काढण्यात आली. तिच्या हाडांचे तुकडे अंधाऱ्या खोलीत छायाफितींवर ठेवले. काही दिवसांनी फितींवर हाडांनी स्वतःच आपली चित्रे काढलेली होती. सिफिलिसचे चिन्ह कुठेही नव्हते. पाच वर्षे त्या मुलीच्या नावावर असलेला शब्द तिच्याच हाडांनी खोडला.

मॉलीच्या दोन बहिणी आणि इतर तिघी अशा पाच जणींनी दावा लावला होता. कायदा म्हणत होता, इजा झाल्यापासून दोन वर्षांत या. रेडियमचा अपाय दिसायला पाच-सात वर्षे लागतात. कंपनीचा बचाव काय, तर मुदत टळली! विषाचा संथपणा हाच विष देणाऱ्याचा वकील झाला. सुनावणीला आलेल्यांतल्या काहींना शपथ घेण्यासाठी हातही उचलता येत नव्हता, आणि कंपनीचे साक्षीदार उन्हाळ्यात युरोपला जाणार म्हणून तारीख सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. वृत्तपत्रांनी कडाडून टीका केली तेव्हा कुठे जून १९२८ मध्ये तडजोड झाली : प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. कंपनीने चूक कबूल केली नाही. तुलनेसाठी एवढेच सांगतो, की १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून मारी क्युरींना जे एक ग्रॅम रेडियम भेट दिले, त्याची किंमत एक लाख डॉलर होती.

‘ठीक, पण १९२८ नंतर तरी सगळ्यांना कळले ना?’ आता इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावी चला. तेथे दुसऱ्या एका कंपनीचा, रेडियम डायलचा, तसाच कारखाना होता. तिने १९२५ आणि १९२८ मध्ये आपल्या कामगार मुलींची तपासणी करून घेतली. निष्कर्ष मुलींना सांगितले नाहीत. न्यू जर्सीची बातमी देशभर गाजली तेव्हा कंपनीने गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली : तिकडचा दोष मेसोथोरियम नावाच्या भेसळीचा आहे, आम्ही शुद्ध रेडियम वापरतो, काळजी नसावी. जो पदार्थ हाडे पोखरत होता त्याची शुद्धता हीच हमी म्हणून छापलेली! कॅथरीन डोनोह्यू ही तेथली कामगार. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिच्या दाव्याच्या सुनावणीत डॉक्टरांनी तिचा आजार असाध्य असल्याचे सांगितले आणि ती तेथेच कोसळली. उरलेली साक्ष तिच्या घरी, तिच्या पलंगाशेजारी घेण्यात आली. निकाल तिच्या बाजूने लागला. कंपनी अपील करीत राहिली. जुलैमध्ये कॅथरीन वारली. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे गाऱ्हाणे ऐकण्यास नकार दिला तो ऑक्टोबर १९३९ मध्ये. दरम्यान, कंपनीच्या माजी अध्यक्षाने त्याच गावात दुसऱ्या नावाने तोच धंदा सुरू केला होता.

ह्या दोन खटल्यांच्या मधे एक धनवान मनुष्यही रेडियमने मेला. एबेन बायर्स, उद्योगपती, १९०६ चा अमेरिकेचा हौशी गोल्फविजेता. रॅडिथॉर नावाचे रेडियमचे पाणी त्याने सुमारे चौदाशे बाटल्या रिचवले. सप्टेंबर १९३१ मध्ये संघीय व्यापार आयोगाचा वकील साक्ष घ्यायला त्याच्या बंगल्यावर गेला, तेव्हा जबड्याचा बराचसा भाग गेलेला होता. डिसेंबरात विक्री थांबवण्याचा आदेश निघाला. पुढच्या मार्चमध्ये तो वारला, आणि वृत्तपत्रांनी रेडियमच्या पाण्यावर रकाने भरले. मला बायर्सविषयी राग नाही. तोही फसवला गेलाच. पण त्याचा जबडा आणि मॉलीचा जबडा यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने काडीचा फरक नव्हता, आणि एकाची साक्ष नोंदल्यापासून तीन महिन्यांत सरकार हलले, दुसरीच्या दाखल्यावर पाच वर्षे सिफिलिस राहिला.

आता ह्या साऱ्याचा सर्वांत जळजळीत भाग. कुंचला ओठांत घेण्याची पद्धत साधारण १९२६ च्या सुमारास बंद झाली. तबकड्या रंगवणे बंद झाले नाही; पुढे दुसऱ्या महायुद्धात तर ते प्रचंड वाढले. तरीही त्यानंतर कामाला लागलेल्या बायकांमध्ये हाडांचा तो कर्करोग दिसला नाही. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेने पुढे अनेक दशके ह्या बायकांचा आणि रेडियम पोटात गेलेल्या इतरांचा पाठपुरावा केला. शरीरातले रेडियम विश्वसनीयपणे मोजलेल्या २,३८३ जणांपैकी ६४ जणांना हाडांचा सार्कोमा झाला, आणि ते सर्वच्या सर्व हाडांना १० ग्रे याहून अधिक मात्रा मिळालेल्या २६४ जणांतले होते. त्याखालच्या २,११९ जणांत एकही नाही. म्हणजे ह्या बायकांना वाचवण्यासाठी नवा शोध लागायला नको होता, यंत्र नको होते, कारखाना बंद करायला नको होता. कुंचला तोंडात घालू नका, एवढे एक वाक्य पुरले असते. टोक पुसायला चिंधी आणि दर तबकडीला चार क्षण जास्त. ते चार क्षण द्यायचे नव्हते.

हेच आकडे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनीही वाचावेत. ‘किरणोत्सार’ हा शब्द ऐकताच सर्वनाशाची दवंडी पिटणारे माझे काही मित्र ह्या मुलींचे नाव वेठीला धरतात. त्याच रेडियमच्या सुया त्याच काळात गर्भाशयाच्या मुखाचे कर्करोग जाळत होत्या आणि बायकांचे प्राण वाचवत होत्या. पदार्थ एकच, पण तो किती, कुठे, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सगळे ठरते. भीती घाऊक वाटली की ती नेमक्या जागी उरत नाही. ऑरेंजच्या मुलींना सर्वनाशाची भीती नको होती, नेमकी माहिती हवी होती.

‘ही शंभर वर्षांपूर्वीची, परदेशातली गोष्ट’ असे म्हणणाऱ्यांसाठी एकच तारीख. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातले, १९८५ पासून वापराविना पडलेले एक यंत्र लिलावात भंगारात काढले. आत कोबाल्ट-६० होते. ते गॅमा किरण सोडते, जे कागदाने तर सोडाच, भिंतीनेही पुरते अडत नाहीत. मायापुरीच्या भंगार बाजारात ते यंत्र तोडले गेले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली, आणि त्याच महिन्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. ते यंत्र कशाचे आहे हे विकत घेतले तेव्हा विद्यापीठाला ठाऊक होते. छिन्नी ज्याच्या हातात होती त्याला कोणी सांगितले नाही. त्या वेळीही मी हे वाक्य ऐकले, ह्या वेळी वर्तमानकाळात : ‘अहो, कोणाला कळतंय!’

१९४१ मध्ये अमेरिकेत रेडियमची सुरक्षित मर्यादा ठरवली गेली : शरीरात एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाहून अधिक नको. एमआयटीचे रॉब्ली इव्हान्स त्या समितीत होते. आधार होता अवघ्या सत्तावीस माणसांच्या मोजमापांचा. अणुबाँबच्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठी जे नियम झाले, ते ह्याच आकड्यावरून बेतले गेले. पुढे म्हाताऱ्या झालेल्या कित्येक रंगारी बायका आर्गोनच्या जाड लोखंडी खोलीत तासन् तास बसून आपल्या हाडांतले रेडियम मोजून देत राहिल्या.

मारी क्युरींच्या प्रयोगवह्या आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या पेट्यांत आहेत. पाहू इच्छिणाऱ्याला आधी धोका पत्करत असल्याचे लिहून द्यावे लागते. ऑरेंजच्या दफनभूमीत अशी काही सोय नाही. मॉलीला जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. तेथे पुरलेल्या हाडांमधले सुमारे शहाण्णव टक्के रेडियम अजून शिल्लक आहे.